तेलाचा काटा

गॅरेजात ट्रकखालच्या खड्ड्यातून मिस्त्रीला ट्रकमालकाच्या फक्त चपला दिसत होत्या. त्या मागच्या चाकापर्यंत जायच्या, वळायच्या, पुढच्या चाकापाशी थांबायच्या.

"सापडलं का?"

"अजून नाही."

चपला पुन्हा चालू लागायच्या.

ट्रक जुना, सहाचाकी. मालक आणि त्याचा धाकटा भाऊ आलटून पालटून चालवायचे. तीन दिवसांपूर्वी धाकटा भरल्या गाडीनं चढ चढत होता. इंजिन आधी ठोकायला लागलं, मग जे अडकलं ते अडकलंच. गाडी ओढून गॅरेजात आणावी लागली. पहार लावून जोर केला तरी इंजिन तसूभर फिरलं नव्हतं.

"तेलच नसणार," मालक वरून म्हणाला. "न बघता पळवली असणार."

मिस्त्रीनं तळाचा नट सोडला. काळं तेल धारेनं पत्र्याच्या घमेल्यात पडू लागलं. घमेलं भरलं, दुसरं लावावं लागलं.

"तेल पुरेपूर आहे, मालक."

त्यानं दोन बोटांवर तेल घेऊन उजेडात धरलं. त्यात बारीक चमकी होती. बेअरिंगचा धातू झिजून तेलात उतरला होता.

"मग काट्याकडे लक्ष नसणार. कानात वायरी घालून गाणी ऐकत बसतो." चपला थांबल्या. "मला म्हणतो, दादा, तेलाचा काटा खाली आला तशी मी गाडी बंद केली. लगेच बंद केलेलं इंजिन असं जाम होतं होय? तुम्हीच सांगा."

मिस्त्री नट खोलत राहिला.

"सगळ्यांसमोर कानफटात ठेवून दिली मी त्याच्या. हमाल बघत होते. तिशीला आलेला गडी. गाल धरून उभा राहिला आणि चालता झाला, तो घरी नाही. बायको रोज विचारते, भावजींचा काही पत्ता लागला का." चपला जागच्या जागी हलल्या. "त्याचीच चूक आहे ना, मिस्त्री? एवढं सांगा म्हणजे झालं."

मिस्त्रीनं इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर खाली उतरवलं. बेअरिंगवरची टोपणं एकेक करून काढली. पहिली दोन ठीक. तिसरं बेअरिंग जळून निळंकाळं झालेलं, क्रँकच्या दांड्याला चिकटलेलं. म्हणजे तेल खाली भरपूर होतं, पण वर चढलंच नव्हतं. त्यानं बॅटरीचा उजेड तेलाच्या पंपाकडे वळवला.

पंपाच्या जाळीला काहीतरी घट्ट बसलं होतं. त्यानं चिमटीत धरून ओढलं. चिंधी निघाली. त्यानं ती पिळली. तेलाखालून निळ्या चौकड्या दिसल्या, आणि एक बटण.

त्याच्याच जुन्या शर्टाची बाही. पुसापुशीला म्हणून त्यानंच कापली होती. दीड महिन्यापूर्वी तेल गळतं म्हणून हेच चेंबर त्यानं उघडलं होतं, नवं पॅकिंग टाकून बंद केलं होतं. बाही आत कधी राहिली, किती आठवलं तरी आठवेना. तिनं दीड महिना आत वाट बघितली आणि चढावर जाळीचं तोंड बंद केलं.

भंगाराचा डबा हाताच्या अंतरावर होता. इंजिन जुनं होतं. जुनी इंजिनं जातात. कुणी विचारलं नसतं.

"काय झालं? गप्प का?"

"येतो वर."

त्यानं चिंधी खिशात कोंबली आणि पायऱ्या चढून वर आला. मालकाचे डोळे तारवटलेले होते. दाढी वाढली होती.

"बेअरिंग जळलंय," मिस्त्री म्हणाला. "गाडी जुनी आहे..."

"म्हणजे त्यानंच जाळलं." मालकानं सुस्कारा सोडला. "बरं झालं. मी त्याला खोटारडा म्हणालो होतो. तेच मनाला खात होतं."

मिस्त्रीनं खिशात हात घातला. चिंधी बाहेर काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"ही पंपाच्या जाळीत होती. माझी आहे. तो खरं बोलत होता, मालक. काटा पडला की बेअरिंग जळायला क्षणभर पुरतो. त्यानं आणखी थोडी रेटली असती तर इंजिन फोडून रॉड बाहेर आला असता."

मालक चिंधीकडे बघत राहिला. मिस्त्री मार खायच्या तयारीनं उभा होता. पण मालक खाली बसला, टायरला पाठ लावून, आणि आपलाच उजवा हात दुसऱ्या हातानं दाबत राहिला.

"सामान माझ्या पैशानं, मेहनतही माझी," मिस्त्री म्हणाला.

मालकानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

पुढचे आठ दिवस मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. क्रँक घासून आणली, बेअरिंगं नवी बसवली, जाळी तीनदा धुतली. चेंबर बंद करण्याआधी आत बोटं फिरवून बघितलं, झोपताना पुन्हा शंका आली म्हणून सकाळी येऊन परत उघडलं. नवव्या दिवशी इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं.

फाटकाशी धाकटा उभा होता. मिस्त्री हात पुसत त्याच्याकडे गेला.

"चूक माझी होती, बाबा. तुझ्यावर नाहक आळ आला."

"दादानं फोनवर सांगितलं."

"मग झालं तर. त्याला पटलं ना?"

"पटलं," धाकटा म्हणाला. "तुम्ही सांगितल्यावर पटलं."

मालक स्टिअरिंगवर बसून समोर बघत होता. त्यानं वाकून डावीकडचं दार आतून उघडलं.

"बस."

धाकटा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग चढला, सीटच्या कडेला टेकला.

"दार लावून घे," मालक म्हणाला.

ट्रक हलला. इंजिनाचा आवाज एकसारखा, स्वच्छ होता. मिस्त्री फाटकापर्यंत मागे मागे गेला. ट्रक रस्त्याला लागला, वळणाकडे निघाला. डावीकडचं दार अजून अर्धवट उघडंच होतं, आणि धाकट्यानं ते एका हातानं धरून ठेवलं होतं.