तिसरी ओळ

"झुंबरबाई, तुमचा नमुना?" विणकामाच्या वर्गात रेहाना मॅडमनी हात पुढे केला.

झुंबरबाईनं पिशवीतून सुया काढल्या. सुयांवर जेमतेम काठ आणि वर दोन ओळी होत्या. बाकी तेरा जणींचे नमुने टेबलावर पोचले होते; पानांची वीण, वीतभर विणून टाके बंद केलेले. आज ज्यांचे नमुने पास होतील त्यांनाच स्वेटरच्या दुकानाचं काम घरी मिळणार होतं.

"एवढंच?"

"पाच येळा उसवलं मॅडम. तिसऱ्या ओळीला टाके वाढतात."

लोकरीकडे पाहूनच ते कळत होतं. पिवळी लोकर उसवून उसवून पिंजल्यासारखी झाली होती. अंबडच्या भाड्याच्या खोलीत दुपारची कामं आटपली की झुंबरबाई विणायला बसे. मॅडमनी दिलेला विणीचा झेरॉक्सचा कागद मांडीवर घेऊन, एकेक अक्षर जुळवत दोन ओळी नीट उतरवी. तिसरी ओळ संपली की मात्र अठ्ठेचाळीस टाक्यांचे चोपन्न झालेले असत. गावी, पेठला, तिची शाळा चौथीपर्यंतच झालेली. आपलं वाचणंच चुकत असणार, असं धरून ती परत पहिल्यापासून उसवी.

"मोजायला येत नसंल हिला," मागून धोंडाबाई म्हणाली. "आमचे बरे अठ्ठेचाळीस भरतात!" दोघी-तिघी हसल्या.

"टाके काय आपोआप वाढतात?" मॅडम म्हणाल्या. "कागदात आहे तेच विणायचं, मधे आपलं डोकं चालवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि सुया हातात घेतल्या. "चला, तुम्ही वाचा, मी विणते. बघू कुठं चुकतं ते."

सगळ्यांसमोर वाचायचं म्हटल्यावर झुंबरबाईनं आधी बोटानं तिसरी ओळ शोधली. तिनं कागद डोळ्यांजवळ धरला.

"धागा पुढं... तीन सुलट... धागा पुढं... दोन एकत्र... तीन सुलट. हे एक पान झालं."

मॅडमच्या सुया शब्दांच्या पुढेच धावत होत्या. एकीकडे खिडकी लावून घ्यायला सांगत त्यांनी दुसरं पान काढलं, तिसरं काढलं. तीच ओळ फिरून वाचायची होती, त्यामुळे चौथ्या पानाला झुंबरबाईला कागद बघायची गरज उरली नाही. ती सुयांकडे बघू लागली.

"थांबा मॅडम."

सुया थांबल्या.

"तुम्ही शेवटाला अजून दोन जोडले."

"मग? जोडायचेच असतात तिथं."

"कागदात नाय ते."

"असं कसं नाही? बारा वर्षं झाली ही वीण शिकवतेय मी."

"तुमच्या हाताला ठावं हाय मॅडम," झुंबरबाई म्हणाली. "कागदाला नाय."

मॅडमनी चष्मा लावून कागद वाचला. मग कपाटातलं पुस्तक काढलं. यंदाच आणलेलं, कोरं करकरीत; झेरॉक्स त्याचीच होती. त्यातही ओळ तशीच छापलेली होती.

झुंबरबाईनं खाली वाकून जाळीच्या भोकावर नख ठेवलं. "धागा पुढं घेऊन जाळी पाडली की एक टाका वाढतो. दोन जोडले की एक कमी व्हतो. कागदात जाळ्या दोन अन् जोड एकच. मंग पानागणिक एक टाका वाढणारच की. सहा पानं, सहा टाके."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. हे तिला तिसऱ्यांदा उसवतानाच दिसलं होतं. पण छापलेलं चूक आणि आपण बरोबर, हे मनात आणायचंही तिला धाडस झालं नव्हतं. म्हणून तर आणखी दोनदा उसवलं.

मॅडमनी टेबलावरचा धोंडाबाईचा नमुना उचलून उजेडात धरला. सगळी पानं एका अंगाला कलली होती.

"मग तुमचे अठ्ठेचाळीस कसे भरले हो?"

धोंडाबाईनं पदर सारखा केला. "जास्तीचे व्हायचे ते काठाला जोडून टाकले. समद्यांनीच टाकले."

"आणि मी हे पास करत होते." मॅडम स्वतःशीच हसल्या. त्यांनी नमुन्यांचा ढीग जिच्या तिच्याकडे परत सरकवला. "गुरुवारी नवीन आणा. दुकानदाराला मी थांबायला सांगते. झुंबरबाई, ओळ नीट करून सांगा. सगळ्या जणी लिहून घ्या."

पिशव्यांतून पेनं निघाली. झुंबरबाई उभी राहिली. मॅडमनी टेबलावर ठेवलेल्या सुया तिनं हातात घेतल्या.

"धागा पुढं, तीन सुलट, धागा पुढं, दोन एकत्र, एक सुलट, दोन एकत्र."

तेरा जणींनी माना खाली घातल्या. रेहाना मॅडमनी पुस्तकातली छापील ओळ खोडली आणि वरच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहायला घेतलं.

"जरा हळू सांगा ना झुंबरबाई," धोंडाबाई म्हणाली. "एक सुलटच्या आधी काय म्हणालात?"

झुंबरबाईनं कागदाकडे पाहिलं नाही. एकेक टाका सुटा करून, सावकाश, तिनं पहिल्यापासून सांगितलं.