यंदाचं कार्ड

“एकाच माणसाच्या डोळ्यांवर विसंबू नकोस,” असं आधीच्या बाई निवृत्त होताना, दुर्मिळ प्रजातींच्या यादीचं काम सोपवताना तिला बजावून गेल्या होत्या. तिनं ते हसण्यावारी नेलं. त्या माणसाचे डोळे तिच्या चष्म्यापेक्षा बरे होते.

त्या माणसाला सगळे खारूकाका म्हणत, कारण साठीतही सरसर झाडावर चढायचे. सदाहरित जंगलातल्या एका उंच झाडावर तळहाताएवढं शैवाक होतं, दगडफुलाच्या जातीचं, सालीवर खपलीसारखं चिकटलेलं. जगात दुसरीकडे ते कुणाला सापडलं नव्हतं. काका वर्षातून एकदा चढायचे, पाणी शिंपडून ते हिरवं होतंय ना, म्हणजे जिवंत आहे ना, बघायचे आणि ऑफिसला कार्ड टाकायचे. कार्डावर एकच शब्द, ‘आहे’. तेवढ्यावर तिच्या तक्त्यात शैवाक ‘अत्यंत धोक्यात’ राहायचं आणि त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावू शकायचं नाही.

दोन वर्षं कार्ड आलं नव्हतं. साहेब म्हणाले, ‘बहुधा नामशेष’ लिही आणि यादी हातावेगळी कर.

‘बहुधा’ लिहून तिनं पेन ठेवलं आणि घरी फोन लावला. दहा महिन्यांच्या लेकीला खोकला होता. सकाळपासूनचा हा चौथा फोन. सासूबाई म्हणाल्या, खोकला थांबलाय, झोपलीये, आता तुझ्या फोननंच उठेल.

फोन ठेवताना तिचं तिलाच कसंतरी झालं. झोपलेल्या लेकीसाठी चार फोन, आणि काकांना दोन वर्षांत एकही नाही. तिनं नंबर शोधून लावला.

काकूंनी उचलला. बरी आठवण झाली म्हणाल्या. मग हळूहळू सांगितलं, की काका फांदीवरून पडले, कंबर मोडली, दोन वर्षं अंथरुणातच आहेत.

“अहो काकू, मग कळवायचं तरी. निदान नेहमीचं कार्ड?”

“मी म्हटलं ना, टाका. ऐकतात कुठं? न बघता ‘आहे’ कसं लिहू, म्हणाले.”

ती समोरच्या ‘बहुधा’कडे बघत राहिली. तिनं तरी कुठं बघितलं होतं? तिनं ते खोडलं. उद्या लेकीला घेऊनच येते म्हणाली आणि काकूंना घराचा पत्ता विचारला.

झाडाचा पत्ता तिला पाठ होता.

तुमच्याकडेही दरवर्षी न चुकता येणारं कुणाचं तरी काहीतरी यंदा आलेलं नसेल. एकदा फोन लावून बघा.