फिरवलेला निकाल

लॉ कॉलेजच्या मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याच्या, स्पर्धेची अंतिम फेरी. एका मुलीचा सगळा युक्तिवाद एका जुन्या निकालावर उभा होता आणि समोरच्या टीमला त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. शेवटच्या मिनिटाला तीच म्हणाली, "महोदय, हा निकाल गेल्या आठवड्यात वरच्या कोर्टाने फिरवलाय. मला काल कळलं. लपवणं बरोबर नाही."

जोडीदाराने कपाळावर हात मारून घेतला. करंडक समोरच्यांनी नेला.

बाहेर येऊन ती आईला म्हणाली, "गप्प बसले असते तर जिंकलो असतो गं."

वरच्या कोर्टात स्टेनो असलेल्या आईने तिच्या हातातली जड फाइल घेतली. "माहितीये. नवा निकाल मीच टाइप केलाय. स्पर्धेत घरच्यांनी मदत करायची नाही, म्हणून बोलले नाही. पण काल तुला तो वाचताना पाहिलं, आणि तू सांगावंस म्हणून सकाळपासून देव पाण्यात घालून बसले होते."