चकमधली चावी

सकाळी अकरा वाजता तंत्रविद्यापीठाच्या नव्या बिझनेस स्कूलची फीत कापली गेली आणि पाहुणे काचेच्या दालनात शिरले. पूर्वी इथे कार्यशाळा होती. तिथला एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, निळा रंग देऊन मधोमध चौथऱ्यावर ठेवला होता.

निवृत्त कार्यशाळाप्रमुख सरळ लेथपाशी गेले. त्याच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या जबड्यात, तो आवळायची चावी होती. त्यांनी ती काढायला हात घातला. चावी हलली नाही.

"चिकटवलीय सर," मार्केटिंगचा प्राध्यापक हसला. "नाहीतर एखादा पाहुणा आठवण म्हणून खिशात टाकायचा!"

"आणि मशीन चालू झालं तर? गोळीसारखी सुटेल ती."

"चालू कसं होणार? मोटर काढलीय. आत दिव्यांच्या वायरी आहेत."

स्कूलच्या संचालिकाबाईंनी नजर चुकवली. त्या याच सरांच्या विद्यार्थिनी. "जागा सोडा सर, लेथ चालू राहील, पहिल्या वर्षाची मुलं त्यावरच हात बसवतील," असं त्याच म्हणाल्या होत्या, आणि सरांनी जागा सोडायच्या कागदावर सही केली होती. चावीचंही बाईंनीच सांगितलं होतं. सजावटवाल्याने विचारलं तेव्हा फोनमधून मान वर न काढता त्या म्हणाल्या होत्या, "राहू दे तिथेच, फोटोत उठून दिसते."

"मुलं शिकतात कुठे मग?" सरांनी विचारलं.

"पुढच्या टप्प्यात नवी कार्यशाळा आहे, सर." बाई म्हणाल्या. हेच वाक्य त्यांच्या भाषणातही होतं.

सर सगळ्यांकडे वळले. आवाज जुनाच, यंत्रांच्या घरघरीवर चढणारा.

"चावी चकमध्ये कुणाची राहिली?"

कार्यशाळेत हा प्रश्न आला की ज्याची चूक त्याने हात वर करायचा आणि प्रॅक्टिकल सुटेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. पहिल्या वर्षी बाईही उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांचा हात कोपरापर्यंत उचलला गेला, पदर सारखा करून खाली आला.

सरांनी जरा वाट पाहिली. मग स्वतःचाच हात वर केला आणि बाहेर गेले.

"गमतीदार आहेत हं तुमचे सर!" प्रमुख पाहुणे म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या.

त्या भाषणाला उभ्या राहिल्या. समोर पाहुणे, पाहुण्यांमागे काच, काचेपलीकडे उन्हात सरांची पाठ. टाळ्या झाल्या. चहा आला. कप परत गेले.

सर अजून दाराबाहेर उभे होते.