दीड हाताला दोन बोटं कमी

सिदूआबांनी दुकानाच्या फरशीवर कोपर टेकवलं, फटफटीच्या कडेला हात उभा धरला आणि सीटपर्यंतची उंची मोजली.

"जास्ती हाय. ही नको."

सात रस्ता चौकातल्या त्या दुकानाचे मालक शिवयोगी शेट हसून बेजार झाले होते. सहा फुटी धनगर, साठीला आलेला, जन्मात सायकलवर न बसलेला, आणि मागतोय सगळ्यांत बुटकी गाडी.

"आबा, गुडघे कानाला लागतील की तुमचे."

"लागू द्या. शिकणाऱ्याचं पाय भुईला टेकलं पायजेत. पाय टेकलं की भ्या न्हाय."

आबांची लेक कस्तुराबाई कपाळाला हात लावून दाराशी उभी होती. ती लोकल बोर्डाची नर्स. खेड्यापाड्यांत बाळंतपणाला बैलगाडीनं जायची. कधीकधी ती पोचायच्या आधी मूल पोचलेलं असायचं. आज रजा काढून ती आबांना आवरायला आली होती. निम्मी मेंढरं विकून फटफटी घ्यायचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, तिला कळत नव्हतं. घरी ती रोज संध्याकाळी मेंढरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर टेकून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्यात एकदा फटफटीची जाहिरात आली होती, एवढंच.

कोपऱ्यातल्या लहानशा गाडीपाशी आबांचा हात थांबला.

"दीड हाताला दोन बोटं कमी. बरूबर!"

"आबा, हे तर डोणीचं माप! सकाळीच मोजत होता. हिच्यात काय मेंढरांना पाणी पाजायचंय?"

आबांनी ती गाडी सावकाश आडवी केली. "कस्तुरे, उभी कर बगू."

"म्हणजे पडणार तुम्ही आणि उचलणार मी!"

"माजी कंबर धरलीया. उचल की."

पदर खोचून तिनं गाडी एका झटक्यात उभी केली. शेटनी टाळ्या वाजवल्या. मग आबांनी चेनवर पत्र्याचं झाकण बसवून मागितलं.

"धोतर अडकंल," ते म्हणाले. "कापड चाकात जाया नगं."

झाकण करायला पंधरा दिवस लागणार होते. निघताना आबांनी विचारलं, "तुला आवडली का? तेवढं सांग."

"मला काय विचारता? बसणार तुम्ही."

आबा नुसतेच हसले. परतताना सगळ्या वाटेनं ते तोंडानं फटफट आवाज काढत होते आणि ती लाजून चार पावलं मागून चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढवाड्यात घोंगडीवर झोपलेले आबा उठलेच नाहीत.

चौदावं झालं, आणि शिवयोगी शेट स्वतः गाडी घेऊन दारात आले. कस्तुराबाई म्हणाली, "परत न्या शेट. बसणारा गेला."

शेटनी मान हलवली. "झाकण तेवढं नीट आहे का बघा, बाई. आबांनी चारदा बजावलं होतं."

ती बघायला वाकली. धोतर अडकू नये एवढंच झाकण हवं होतं. हे तर चांगलं ऐसपैस होतं, खालपर्यंत आलेलं. लुगड्याचा घोळही आत जाणार नाही, असं. तिनं एकदा शेटकडे पाहिलं आणि पाय टाकून सीटवर बसली.

दोन्ही पाय सपाट भुईला टेकले. रोज संध्याकाळी डोणीच्या काठावर टेकायचे, अगदी तसेच.

तेव्हा तिला आठवलं. ती जाहिरात तिनं दोनदा वाचली होती. आबांनी सांगितलं नसताना.

तिनं गाडीची मूठ पिरगळली, मेंढवाड्याकडे पाहिलं आणि शेटना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आबांच्याच बोलीत म्हणाली,

"आवडली की, आबा. लई आवडली."