मेनूत नसलेला भाग

मेघाने डीव्हीडीची डबी काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "भूषणभाऊ, यात सहावा भाग आहे. मेनूत नाही, पण आहे."

भूषणच्या तोंडचं पाणी पळालं. देवपुरातल्या त्याच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानासमोर मेघाच्या सासरची, सोनगीरची पांढरी गाडी उभी होती आणि गाडीत मेघाचे सासरे, प्रेमराज नाना, पान चघळत बसले होते. काच खाली. सुनेला माहेरी द्यायला लग्नाच्या डीव्हीडीची आणखी एक प्रत हवी असेल, अशा समजुतीने ते आले असणार. निदान भूषणने तरी देवाजवळ तेवढंच मागितलं.

पेनड्राइव्हच्या जमान्यात नानांनी हट्टाने डीव्हीडी करून घेतली होती. डबीवर नवरानवरीचा फोटो, आत मेनू: हळद, मिरवणूक, लग्नाची टाळी, आहेर, पाठवणी. ज्याला जे बघायचं ते त्याने दाबावं. दुसऱ्या कॅमेऱ्याचं उरलंसुरलं भूषणने न बघताच सहाव्या भागात टाकलं, आणि तिथेच घात झाला. हळदीच्या दिवशी तो कॅमेरा मागच्या अंगणात स्टँडवर चालूच राहिला होता. त्यात नवरदेव सापडला. हितेंद्र जमिनीवर पडलेला, हातपाय झाडत, तोंडाला फेस. शेजारी नानांचे थोरले भाऊ, जीवराम आबा, गुडघ्यावर बसून त्याचं काहीबाही करत होते. "काही नही भाऊ, मी शे ना आठे," मी आहे ना इथे, असा त्यांनी दिलेला धीर तेवढा ऐकू येत होता.

कच्ची प्रत बघायला नाना दुकानात आले तेव्हा हे सगळं त्यांच्यासमोरच पडद्यावर आलं. नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हाई जर कोनले दखायनं, ते तुनं दुकान ठेवाव नही मी!"

आता खरं तर तो भाग उचलून फेकायचा. पण मग सगळी डिस्क पहिल्यापासून बनवत बसा! लग्नसराई ऐन भरात होती. भूषणने काय केलं, मेनूतलं बटण काढलं आणि क्रम असा लावला की पाचवा भाग संपला की डिस्क थेट मेनूवर परत. बटण नाही म्हणजे भाग नाही. टीव्हीवर बघणाऱ्याला सात जन्मांत पत्ता लागला नसता. पण चोराच्या मनात चांदणं! सोनगीरकडची गाडी दुकानासमोर थांबली की हा माणूस काउंटरखाली वाकून काहीतरी शोधू लागायचा.

"कुठे... कुठे बघितलं तुम्ही?" त्याने विचारलं.

"माझ्या कॉलेजच्या लॅपटॉपवर. तिथे तुमचा मेनू चालला नाही. सगळे भाग ओळीने दिसले."

झालं! भूषणला पुढचं सगळं दिसू लागलं. फसवून लग्न लावलं म्हणून पोरगी जळगावला माहेरी जाणार, पंच बसणार, वकील येणार, आणि साक्षीला उभा कोण? भूषण. त्याआधी नाना त्याला जिता ठेवतात की नाही, तोच प्रश्न.

बाहेर हॉर्न वाजला.

"व्हयनं का रे, भूषण?" झालं का म्हणून नानांनी गाडीतूनच आवाज दिला.

"व्हयनंच, नाना!" भूषणचा आवाज चिरकला. त्याने घाईने डबी ओढली. झाकण काही उघडेना. "ताई, पाया पडतो तुमच्या. लेकरंबाळं आहेत मला. बघा, तुमच्यासमोर ही डिस्क मोडतो, कॉम्प्युटरवरूनही पुसतो. तुम्ही काही बघितलं नाही, मी काही केलं नाही."

मेघाने झटकन डबीवर हात ठेवला. "पुसू नका!"

तिचे डोळे रडून सुजलेले होते, हे त्याला आत्ता दिसलं.

"मग काय, कोर्टात देणार?" तो पुटपुटला. "आणि बाहेर नाना बसलेत हो, ताई!"

"नानाच घेऊन आलेत मला."

भूषणने मान वळवून गाडीकडे बघितलं.

"लपवलं म्हणून घरात व्हायचं ते भांडण झालं," मेघा म्हणाली. "पण यांना फिट आली की आबाच सांभाळायचे. ते दिवाळीत गेले, आणि परवा हे न्हाणीत पडले. सासूबाई चप्पल हुंगवायला धावल्या, नाना कांदा फोडत बसले, मी नुसती ओरडत उभी. जीव जाता जाता राहिला, भाऊ. डॉक्टरांना मी हा भाग दाखवला. ते म्हणाले, हा म्हातारा करतोय तेच बरोबर आहे." तिने डबी त्याच्याकडे सरकवली. "हा भाग सगळ्यात पहिला लावा. आबांनी त्यांना कुशीवर कसं वळवलं, ते आम्हा तिघांना शिकायचं आहे."