पाण्याची चव

“कडू,” चाचणीच्या टोपाखालून सासरे म्हणाले.

तिचा हात फवारणीच्या रबरी फुग्यावर तसाच राहिला. कडू द्रावणाची बाटली अजून टेबलावर होती, झाकणही न उघडलेली. नळीत होतं ते साधं पाणी. नळी धुऊन निघावी म्हणून ती दर वेळी आधी पाणी फवारायची, बेसिनमध्ये. आज सासऱ्यांनी आल्याआल्या टोप स्वतःच डोक्यावर चढवला आणि बोलण्याच्या नादात तिने टोपाच्या भोकातच दोनदा फुगा दाबला.

खोली पांढरी होती. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आत येत होतं. पारदर्शक टोपात पाण्याचे कण सावकाश तरंगत होते. त्यांच्या मागे सासऱ्यांचा चेहरा तळ्याच्या तळाशी ठेवल्यासारखा दिसत होता. कडू लागल्यावर माणूस करतो तसं तोंडही त्यांनी वाकडं केलं होतं.

चाचणी सोपी होती. आधी मास्क न घालता कडू फवारा मारायचा आणि माणसाला चव कळते ना, ते बघायचं. मग मास्क घालून पुन्हा मारायचा. काही लागलं नाही तर मास्क चेहऱ्याला नीट बसला, आगीत धूर आत शिरणार नाही. लागलं तर कुठेतरी फट आहे. अग्निशमन दलाची ही खोली ती सहा वर्षं सांभाळत होती. सासरे तुकडीप्रमुख होते. पहिली चाचणी प्रमुखांची, ही तुकडीची जुनी रीत. हा नवा, हलका मास्क तुकडीने वर्षभर वापरून पाहिला होता. आज सहाही जणांचं उत्तर ‘लागत नाही’ असं आलं की तोच मास्क सगळ्या केंद्रांना मिळणार होता. कागद तयार होता. खाली तिची सही राहिली होती.

काचेपलीकडच्या बाकावर बाकीचे पाच जण बसले होते. त्यांत तिचा नवराही होता. मघाशी प्रमुख आत येताना गाडीचा चालक म्हणाला होता, “सूनबाईच्या हातचं आहे. कडू असलं तरी प्रमुख गोडच म्हणणार.” बाक हसला होता. नवरा तेवढा बुटांकडे बघत होता.

तिने पुन्हा फुगा दाबला. पाणीच.

“आता?”

“कडूच आहे की. लिही ना.”

“बाबा,” ती म्हणाली. कामावर ती त्यांना कधी बाबा म्हणत नसे. “यात नुसतं पाणी आहे.”

कण खाली बसत गेले. सासऱ्यांनी टोप काढला नाही. आतूनच बोलले, तेव्हा त्यांचा आवाज दुसऱ्या कुठल्या तरी खोलीतून आल्यासारखा वाटला.

“कापडाच्या गोदामाला आग लागली होती. तू आपल्या घरात यायच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून वास नाही, चव नाही. स्वप्नात जेवल्यासारखं होतं बघ. ताट दिसतं, हात तोंडाशी जातो, पोटही भरतं. बाकी काही नाही.”

नऊ वर्षांत त्यांनी तिच्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. शेजारणी तिचा हेवा करत.

“मग इतक्या चाचण्या?”

“मास्कशिवाय कडू म्हणायचं, मास्क घातल्यावर नाही म्हणायचं. एवढं तर कुणीही पाठ करेल. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. मला घरी बसवू नकोस, पोरी. मास्क चांगलाच आहे. मला कळत नसेल, पण त्या पाच जणांना तरी कळतं ना? त्यांना कधी काही लागलं नाही.”

तिने मागच्या वर्षीचं पान उघडलं. एकाखाली एक सहा ओळी. लागत नाही. लागत नाही. लागत नाही. इतकी सारखी उत्तरं आली की एरवी तिला बरं वाटायचं. आज तिची नजर पहिल्या ओळीवरून हलेना.

“त्यांच्यातल्या कुणी तुमच्या आधी, तुमचं उत्तर कळायच्या आधी, कधी चाचणी दिली आहे?” तिने विचारलं.

पडदा आत आला, बाहेर गेला. मग सासऱ्यांनी दोन्ही हातांनी टोप उतरवला. पांढरे केस ओले झाले होते. तिचं पेन घेऊन त्यांनी आजच्या कागदावरचं आपलं नाव खोडलं आणि दार उघडलं.

“मला अकरा वर्षं चव कळत नाही,” ते बाकाला म्हणाले. “माझं उत्तर धरू नका. ज्याला जे लागेल ते त्याने सांगायचं.”

चालक खिडकीबाहेर बघू लागला. मग तिचा नवरा उठला.

तिने बाटलीचं झाकण उघडलं. मास्कशिवाय पहिल्याच फवाऱ्याला तो कडू म्हणाला. पाणी पिऊन, थोडं थांबून त्याने मास्क घातला. तिने चारही पट्टे स्वतः ओढून बघितले. टोप चढवला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. उन्हात कण चमकले आणि तो हळूहळू धूसर होत गेला, झोपेतल्या माणसासारखा. तिने तिसऱ्यांदा दाबलं.

नवऱ्याची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली. तिथे सासरे उभे होते.

“कडू लागतंय, बाबा,” तो म्हणाला. “मागच्या वर्षीही लागलं होतं.”